गर्डर-चॅनलच्या वजनाचं ॲप: आठ महिन्यांनंतर

कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शेड, जिने, बेदाण्याचे रॅक, आणि 2019 ला अन् परत 2021 ला पाणी आल्यापासून सांगलीतल्या दुकानांचे पोटमाळे. एस्टिमेट आणि कोटेशन मी करते, बाकी सगळं अण्णा आणि मिस्त्री. गेल्या दिवाळीपासून फोनवर लोखंडाच्या वजनाचं एक फुकट ॲप वापरतेय. नाव देत नाही, कारण या जातीची सगळी ॲपं बघितली तर जवळपास सारखीच आहेत. गर्डर (इंग्रजी I सारखा), चॅनल (C सारखं), अँगल (L सारखा), पट्टी, सळई, प्लेट यातलं एक निवडा, साइज निवडा, लांबी टाका, किलो येतात. नेट नसलं तरी चालतं. जाहिराती मात्र हिशेबाच्या ऐन मध्यात येतात.

त्याआधी आमच्याकडे ॲप म्हणजे अण्णा. त्यांना सगळं फुटावर पाठ. "सहाचं चॅनल पाच किलो, चारचं पावणेतीन, आठचा गर्डर पावणेआठ." सहाचं म्हणजे 150 मिमी, चारचं 100, आठचा 200. बाजारात मिमी येऊन जमाना झाला, पण आमच्या गाळ्यात अजून इंचच बोलतात.

पहिला दणका पेठेतल्या एका पोटमाळ्याच्या कामात बसला. 20 फुटी आठचे गर्डर 4 आणि त्यावर चारच्या चॅनलचे 14 तुकडे, प्रत्येकी 12 फूट 10 इंच. मिस्त्रींनी टेप धरून सांगितलं, "बारा धा." मी ॲपमध्ये फूट निवडून 12.10 टाकलं. एकूण 1,084 किलो आले, त्यावर कोटेशन केलं आणि व्हॉट्सॲपवर पाठवूनही दिलं. संध्याकाळी अण्णांनी कागदाच्या पाठीवर मांडलं: गर्डर 80 फूट, 620 किलो. चॅनल 180 फूट, 495 किलो. "अकराशे पंधरा व्हायला पाहिजेत गं. तुझं तीस किलो कुठं गेलं?"

गेलं ते दशांश चिन्हात. 12 फूट 10 इंच म्हणजे 12.83 फूट. ॲपनं 12.10 ला सव्वाबाराच्याही आत धरलं, एका तुकड्यामागे जवळजवळ 9 इंच गायब, आणि 14 तुकड्यांत 10 फूट चॅनल. ॲपची चूक नाही म्हणा, पण फूट आणि इंच अशा दोन वेगळ्या चौकटी दिल्या असत्या तर हे झालंच नसतं. ज्या देशात साइज मिमीत, लांबी फुटात आणि दर किलोवर असतो, तिथं एवढं तरी करावं. गिऱ्हाइकाला वाढीव आकडा सांगायची सोय नव्हती. 30 किलो आमच्या अंगावर.

दुरुस्त करून टाकल्यावर ॲपनं 1,114 सांगितले. अण्णांचे 1,115. मी खूश, अण्णा त्याहून खूश. पण माल आला तेव्हा गर्डर वेगळे काट्यावर घेतले आणि ते भरले 595. अण्णांच्या हिशेबानं 620 हवे होते, ॲपच्या हिशेबानं 590. काटा 5 किलोच्या पायरीनं दाखवतो, म्हणजे ॲप बरोबर. मग एकूण बेरीज जुळली कशी?

त्या रात्री वजनाची टेबलं, म्हणजे छापील तक्ते, काढून बसले. गर्डर-चॅनलच्या मापांचं भारतीय मानक म्हणजे आयएस 808. ते पहिल्यांदा 1957 ला आलं, 1964 ला सुधारलं, मग 1989 मध्ये आणि परत 2021 मध्येही. जुन्या, म्हणजे 1964 च्या टेबलात आठचा गर्डर मीटरला 25.4 किलो आहे, नंतरच्यात 24.2. चारचं चॅनल मात्र उलट, आधी 9.2 आणि आता 9.56. अण्णांचा पावणेआठ म्हणजे 25.4 ला फुटात बसवलेला आकडा. त्यांनी ज्यांच्या हाताखाली काम शिकलं त्यांनी 1964 चं टेबल पाठ केलं होतं, ते अजून आमच्या गाळ्यात जिवंत आहे. गर्डरला 30 किलो जास्त, चॅनलला जवळजवळ तेवढेच कमी, आणि दोन चुका एकमेकींवर पांघरूण घालून बसल्या. नुसत्या गर्डरचं काम असतं तर उघड्या पडल्या असत्या. 300 च्या गर्डरला तर 44.2 चे 46 झालेत, म्हणजे तिथं उलटीकडून मार. ॲपमध्ये कुठलं टेबल वापरलंय हे कुठंही लिहिलेलं नाही. ते कळायला 200 चा गर्डर 1 मीटर टाकून बघायचा: 24.2 आले तर नवं, 25.4 आले तर जुनं.

आता ॲपमधली सगळ्यात धोक्याची जागा: "स्वतःचं माप टाका." एका पाडकामातून निघालेले गर्डर विकत घ्यायचे होते. मी वर्नियर (जाडी मोजायचं साधन) घेऊन गेले. उंची 200, रुंदी 100, वेब म्हणजे मधली उभी पट्टी 5.7, आणि फ्लँजच्या, म्हणजे वरच्या-खालच्या आडव्या पट्टीच्या कडेला वर्नियर लावला, 7 मिमी. ॲप म्हणालं मीटरला 19.3 किलो. म्हणजे 6 मीटरच्या नगाला 116. विकणाऱ्याच्या काट्यावर भरले 145. त्याला मी तोंडावर म्हटलं, काटा मारताय. बराच वेळ वादावादी झाली.

काटा बरोबर होता. आपल्या गर्डरच्या फ्लँजची आतली बाजू सपाट नसते, वेबकडून कडेपर्यंत उतरती असते. वेबशी तिचा कोन 98 अंशांचा, चॅनलला 96. टेबलातली जाडी कडेची नसते, वेब आणि कड यांच्या बरोबर मध्यावरची असते. तिथं मोजली असती तर 10 मिमी आली असती, आणि ॲपनं 23.8 सांगितले असते. उरलेले चारेकशे ग्रॅम वेब आणि फ्लँज मिळतात त्या गोलाईत असतात, ते तीन आयत धरून काढलेल्या हिशेबात येतच नाहीत. तेव्हापासून गर्डर-चॅनलला ती चौकट मी उघडत नाही. पट्टी आणि प्लेटला बिनधास्त वापरते, तिथं उतार नाही. प्लेटला तर ॲपही लागत नाही, मिमीतल्या जाडीला 7.85 नं गुणलं की चौरस मीटरचे किलो येतात, कारण पोलादाचा घनमीटर 7,850 किलोचा.

ज्यासाठी हे ॲप मी फोनमधून काढणार नाही ते काम उलट्या बाजूचं आहे. मार्चमध्ये 20 फुटी चारची चॅनलं आली. चढवताना मिस्त्री म्हणाले, "ताई, हलकी लागत्यात." एक नग प्लॅटफॉर्म काट्यावर ठेवला: 51 किलो. टेबलानं 58 हवेत. मीटरला 8.4 पडले, म्हणजे शेकडा 12 च्या वर तूट. लाटताना थोडं कमी-जास्त होणं मानकातही मान्य आहे, पण एवढं नाही. व्यापाऱ्यानं बिल नगावर आणि टेबलाच्या वजनानं लावलं होतं. फोनवर म्हणाला, "हलकाच माल चालतो ताई, सगळे घेतात." काट्यावर बिल केलं असतं तर पैशाचं नुकसान टळलं असतं, पण 12 टक्के लोखंड कमी म्हणजे वेब किंवा फ्लँज कुठंतरी पातळ आहेच, आणि त्यावर कुणाचीतरी हळदीची पोती चढणार. माल परत पाठवला. आता प्रत्येक गाडीतला एक नग मी मोजते आणि वजनाला लांबीनं भागते. दोन मिनिटं लागतात.

एक राहिलं. ॲपला कटिंग कळत नाही. त्या पोटमाळ्याला चॅनल 524 किलो लागलं, पण आम्ही 12 मीटरचे 5 नग घेतले, एका नगात तीन तुकडे बसवून. खरेदी झाली 574 ची. एक पूर्ण तुकडा आणि पाच छोटे बूड अजून भिंतीला टेकून उभे आहेत. बेस प्लेट, क्लीट (जोडणीचे छोटे तुकडे), बोल्ट हे वेगळंच.

अण्णा अजून तोंडीच सांगतात. परवा विचारलं तर म्हणाले, "आठचा? पावणेआठ," मग माझ्याकडे बघून, "बरं, साडेसात धर." 7.38 येतात, पण मी काही बोलले नाही.

पाचपैकी साडेतीन. फूट-इंचाच्या दोन चौकटी आणि टेबलाचं साल घातलं तर पैसे भरून घेईन.