आधी तपासणी, मग विक्री : सांगलीतील एका बॅटरीच्या दुकानाचा अनुभव

माझ्या पेट्रोल गाडीची मूळ बॅटरी साडेचार वर्षे चालली आणि मे महिन्यात एके सकाळी सेल्फ मारल्यावर नुसता टकटक आवाज येऊ लागला. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावून गाडी सुरू केली आणि प्रथम घराजवळच्या एका दुकानात गेलो. तिथे बॉनेट न उघडताच ‘बॅटरी गेली, नवी घाला’ असे सांगण्यात आले, शिवाय ‘जास्त अँपिअरची घ्या, टिकेल’ असा आग्रहही झाला. तिथून मी शंभर फुटी रस्त्यावरील ज्या दुकानात गेलो, त्याच्या कामाविषयी हे लिहीत आहे.

या दुकानात विक्रीची गोष्ट निघण्याआधी मीटर निघाला. इंजिन बंद ठेवून मोजले तेव्हा बॅटरीत 12.1 व्होल्ट होते. पूर्ण भरलेल्या चांगल्या बॅटरीत ते साधारण 12.6 असायला हवेत. तेवढ्यावर निकाल न देता त्यांनी ती चार्जिंगला लावली, दोन तासांनी लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून तिची ताकद पाहणारे उपकरण) जोडला आणि भार पडताच काटा 9 व्होल्टच्याही खाली गेल्याचे मला दाखवले, म्हणजे बॅटरी खरोखरच गेली होती. त्यानंतर दुसरी बॅटरी तात्पुरती जोडून, गाडी सुरू ठेवून अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचे) चार्जिंग पाहिले, ते 14.2 व्होल्ट, म्हणजे ठीक भरले. ही शेवटची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते, कारण अल्टरनेटर नीट चार्ज करत नसेल किंवा गाडी बंद असतानाही एखादे उपकरण वीज ओढत असेल, तर नवी बॅटरीही काही दिवसांत उतरते आणि ग्राहकाचे पैसे वाया जातात.

मोठ्या बॅटरीविषयी मी विचारले, तेव्हा दुकानातील तरुणाने गाडीतील ट्रे दाखवून सांगितले, “काका, ही ट्रेमध्ये घट्ट बसणार नाही. हलत राहिली की आतल्या प्लेटांवरचा माल झडतो.” जुन्या बॅटरीवरील 38बी20एल हा क्रमांकही त्याने समजावून दिला: त्यातील 20 म्हणजे सेंटिमीटरमधील लांबी आणि शेवटचे अक्षर म्हणजे टर्मिनलची बाजू. हे अक्षर चुकले तर गाडीच्या केबल टर्मिनलपर्यंत पोहोचत नाहीत. ज्यांच्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय आहे, त्यांनी साधी बॅटरी न घेता कंपनीने सांगितलेली ईएफबी किंवा एजीएमच (इंजिन वारंवार बंद-सुरू होणाऱ्या गाड्यांना चालणारे बॅटरीचे दोन प्रकार) घ्यावी.

एक उणीव मात्र नोंदवतो. उत्पादनाची तारीख त्यांनी आपण होऊन दाखवली नाही, मला विचारावी लागली. फळीवर पडून असलेली बॅटरीही हळूहळू उतरते आणि तशीच राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो, म्हणून मी दोन महिन्यांपूर्वीची मागून घेतली. वॉरंटी कार्डवर गाडीचा क्रमांक, विक्रीची तारीख आणि शिक्का समोर उभे राहून घालून घेतला. अनेक बॅटऱ्यांच्या वॉरंटीचा पहिला भाग मोफत बदलीचा आणि दुसरा केवळ नव्या बॅटरीवरील सवलतीचा असतो. ही सवलत बहुधा छापील किमतीवर मोजली जाते, त्यामुळे बाजारभावाच्या मानाने हाती कमी लागते. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना मी मोफत बदलीचे महिनेच मोजले. जुनी बॅटरी जमा करून घेऊन तिची किंमत बिलातून वजा केली, हेही योग्यच झाले, कारण तिच्यातील शिसे आणि आम्ल भंगारवाल्याच्या अंगणात सांडता कामा नये.

बॅटरी बदलताना त्यांनी निगेटिव्ह केबल आधी काढली आणि नवी बसवताना ती शेवटी जोडली. क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली.

आता सहा महिने झाले. आपल्या सांगलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीपर्यंत जातो आणि बॅटरीचे आयुष्य सर्वांत जास्त उष्णतेनेच घटते. ती हानी उन्हाळ्यात होते, पण थंडीच्या सकाळी सेल्फ जड झाल्यावर ध्यानात येते. म्हणून मी गाडी शक्यतो सावलीत लावतो. बाजारापर्यंतच्या दहा मिनिटांच्या फेऱ्यांत बॅटरी पुरती भरत नाही, त्यामुळे आठवड्यातून एकदा मिरजेच्या पुढपर्यंत जाऊन येतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली, तर केबल काढून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसावी. ज्यांच्या बॅटरीला झाकणे आहेत त्यांनी पातळी कमी झाल्यावर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटा खराब करतात, आणि आम्ल तर कधीच घालू नये. काल रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी मोजले, तेव्हा मीटरवर 12.6 दिसले.