रास्पबेरी पाय ५ की आरके३५८८? आधी मॅन्युअल बघा

चोवीस तास चालणारा छोटा सर्व्हर घ्यायचा म्हटलं की गाडी बहुधा दोन पर्यायांवर येऊन थांबते: रास्पबेरी पाय ५ हा छोटा संगणक-बोर्ड किंवा रॉकचिप कंपनीच्या आरके३५८८ चिपवरचा एखादा बोर्ड. कोअर आणि रॅम सगळेच मोजतात. पण काही वर्षांनी त्यावर नवा लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चढेल का, हे चिपची माहिती किती खुली आहे यावर बरंच अवलंबून असतं. चिपमधलं कोणतं रजिस्टर (तिला हुकूम देण्याचा कप्पा) काय करतं हे ठाऊक नसेल तर ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्राम) लिहिणारा अंधारात चाचपडतो. उलट उदाहरण बघा: एएमडीने आपल्या ६४-बिट एक्स८६ प्रोसेसरांची माहिती २००० सालीच जाहीर केली. एप्रिल २००३ मध्ये त्यातला ऑप्टेरॉन आला तेव्हा लिनक्स त्यासाठी तयार होता.

आरके३५८८च्या टेक्निकल रेफरन्स मॅन्युअलचा पहिला भाग नेटवर मिळतो. रॉकचिपबाहेरच्या लोकांनी, विशेषतः कोलॅबोरा कंपनीने, मेनलाइन (म्हणजे मूळ, अधिकृत) कर्नलमध्ये या चिपसाठी आधार (सपोर्ट) आणला, पण तुकड्यातुकड्याने. प्राथमिक आधार कर्नलच्या ६.३ आवृत्तीत, माली जीपीयूचा (ग्राफिक्स भागाचा) पॅन्थॉर ड्रायव्हर ६.१० मध्ये आणि एचडीएमआय आउटपुट थेट ६.१३ मध्ये. रखडले ते नेमके बाहेरून घेतलेले भाग: जीपीयू आर्मचा, एचडीएमआय सायनॉप्सिसचं. त्यामुळे मेनलाइन ६.१२ टाकलात तर जीपीयूचा ड्रायव्हर आहे, पण स्क्रीन काळी! बोर्ड मेला असं समजू नका, सिरीयल कन्सोल (बोर्डाचा मजकूर तारेवरून दुसऱ्या संगणकावर दाखवणारी जोडणी) जोडा. वेग १५,००,००० बॉड ठेवा. जुन्या सीपी२१०२ यूएसबी-सिरीयल अडॅप्टरची मजल १०,००,०००पर्यंतच, म्हणून त्यावर नुसता कचरा उमटतो. रॅम सुरू करणारा ब्लॉब (सोर्सशिवाय मिळणारा तयार प्रोग्राम) मात्र अजून बंदिस्तच आहे.

पाय ५चं उलट आहे. मुख्य चिप बीसीएम२७१२चं पूर्ण मॅन्युअल जाहीर नाही. यूएसबी, इथरनेट, जीपीआयओ (जोडणीच्या पिना) सांभाळणाऱ्या आरपी१ या दुसऱ्या चिपचं आहे. बूट फर्मवेअर बंद. तरीही बोर्ड सुरळीत चालतो, कारण कंपनी स्वतःचा कर्नल नेटाने सांभाळते. त्या कर्नलबाहेर पडलात की अडचण सुरू होते: मेनलाइनमध्ये बूट होण्यापुरता आधार यायला ६.१२ उजाडला.

रास्पबेरी पाय ओएसच वापरणार असाल तर डोळे मिटून पाय ५ घ्या. साधं डेबियन हवं असेल तर आरके३५८८, पण त्या विशिष्ट बोर्डाची डिव्हाइस ट्री फाइल (बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणारी) मेनलाइनच्या सोर्समध्ये आहे हे पाहूनच. विक्रेत्याच्या इमेजमध्ये बहुधा रॉकचिपचा स्वतःचा ५.१० किंवा ६.१ कर्नल असतो, त्यावर सगळं चालतं म्हणजे मेनलाइनवर चालेलच असं नाही.

रिस्क-व्ही या खुल्या रचनेच्या प्रोसेसरवाल्या बोर्डाचा विचार असेल तरी हीच तपासणी करा. खुला असतो तो फक्त इन्स्ट्रक्शन सेट (प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची यादी). चिपवरच्या जीपीयूची माहिती द्यायची की नाही, हे शेवटी तो जीपीयू बनवणाराच ठरवतो.