दोन टनी ट्रॉली जॅक आणि घोड्यांची जोडी: शहाबादी फरशीवर काही महिने वापरल्यानंतर

घरच्या शेडमध्ये छोट्या गाडीचं काम करायला दोन टनी ट्रॉली जॅक वजनाच्या बाबतीत पुरून उरतो. स्विफ्टसारखी गाडी 900 किलोच्या आसपास असते आणि एक कोपरा उचलताना त्यातला निम्माही भार जॅकवर येत नाही. काही महिन्यांच्या वापरात वजनाची तक्रार कधीच आली नाही. अडचणी आल्या त्या फरशीच्या, जॅकच्या लांबीच्या आणि उन्हाळ्यात तेलाच्या. या वर्गातले बहुतेक जॅक एकाच घडणीचे असल्यामुळे हे कोणत्याही कंपनीच्या जॅकला लागू पडेल.

आधी फरशी. सोलापुरात शेड म्हटली की खाली शहाबादी आलीच. ट्रॉली जॅकचा हात मागच्या खिळीवर फिरत वर जातो, त्यामुळे थाळी (हाताच्या टोकाची, गाडीला टेकणारी गोल वाटी) सरळ वर न जाता थोडी मागे येते. चाकं मोकळी फिरत असतील तर जॅक स्वतःच गाडीखाली पुढे सरकतो आणि हा फरक भरून निघतो. फरशीच्या सांध्यात चाक अडकलं की जॅक जागेवर राहतो आणि थाळी गाडीला ओढू लागते. दरवाज्याखालच्या पट्टीवरून थाळी घसरते ती बहुतेक वेळा याच कारणाने. म्हणून जॅकखाली 18 मिमी प्लायची दोन बाय तीन फुटांची फळी घाला. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे जाणं होत असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून 6 मिमीची लोखंडी प्लेट कापून घ्या, ती कायमची टिकते. दांडा मारताना जॅक पुढे सरकतोय का, यावर नजर असू द्या. सरकत नसेल तर तिथेच थांबा, उतरवा आणि पुन्हा लावा.

मात्र फळीमुळे उंचीचं गणित बदलतं. जॅकची किमान उंची 135 मिमी, फळी 18, थाळीवर ठेवायचा खाचेचा रबर पॅड 25, म्हणजे 178 मिमी मोकळी जागा हवी. चाकात हवा असताना ती मिळते, पंक्चर झालेल्या बाजूला मिळत नाही. अशा वेळी त्या बाजूचं चाक आधी एका फळीवर चढवून घ्यावं, नाहीतर गाडीसोबत आलेला कात्री जॅक वापरावा. पॅड मात्र काढू नका. पॅडशिवाय उचललं की पट्टीची धार वाकते, रंग उडतो आणि तिथूनच गंज सुरू होतो.

दुसरी खरी मर्यादा लांबीची. हा आखूड जॅक बंपरखालून पुढच्या सबफ्रेमच्या (इंजिनखालच्या मजबूत चौकटीच्या) मध्यापर्यंत पोचत नाही, आणि पोचवलाच तर दांडा बंपरला लागून पूर्ण पंप बसत नाही. म्हणून दरवाज्याखालच्या पट्टीवर जॅकसाठी दिलेल्या बाजूच्या खाचेवरच उचलावं लागतं. पण घोडी, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचा स्टँड, लावायची जागाही तीच! एका खाचेवर दोन्ही कसं बसणार? उत्तर गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं: सबफ्रेमवर किंवा चासीच्या मजबूत भागावर दुसरी जागा दाखवलेली असते. तिथे घोडी लावा. ऑइल सम्प (इंजिनखालची तेलाची टाकी), गिअरबॉक्स किंवा पातळ पत्र्याच्या तळावर जॅकही नको आणि घोडीही नको. नेहमी पुढची दोन्ही चाकं एकदम उचलायची असतील तर लांब चासीचा तीन टनी जॅक घ्या, वजन आणि किंमत जास्त पडली तरी.

घोड्यांचे पाय अँगलचे आणि टोकाला अरुंद असतात. वाळूवर बसवलेली शहाबादी खालून पोकळ असेल तर त्या टोकाखाली तडकते. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, आवाज बदलला तर जागा बदला. प्रत्येक घोडीखाली फूटभर चौकोनी प्लाय हवाच. दातेरी घोडीला जास्तीची सुरक्षा पिन असेल तीच घ्या. खोक्यावरचा टनाचा आकडा एका घोडीचा आहे की जोडीचा, तेही वाचून घ्या. गाडी टेकवल्यावर बाजूने हाताने जोरात हलवून बघायचं, मगच हात आत घालायचा.

गुटक्यांबद्दल एवढंच लक्षात ठेवा: बहुतेक हॅचबॅकचा हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअर पुढची चाकं धरतो. मागची बाजू उचलली की हँडब्रेक निरुपयोगी, पुढची उचलली की गिअर. म्हणून जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. व्हील नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धी फेरी सैल करायचे.

आता तेल. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या जॅकचं तेल पातळ होतं. सील थोडं झिजलेलं किंवा व्हॉल्व्हची गोळी नीट बसत नसेल, तर हिवाळ्यात न जाणवलेली गळती तेव्हा दिसते आणि जॅक हळूहळू खाली बसू लागतो. गाडी उचलून खडूने खूण करा आणि दहा मिनिटांनी बघा. उतरला असेल तर आधी हवा काढा: हात पूर्ण खाली, सोडण्याचा व्हॉल्व्ह दोन फेऱ्या सैल (त्याहून जास्त नको, आतली गोळी निसटते), तेलाचं रबरी बूच काढून दहा-पंधरा पूर्ण पंप. मग भोकाच्या कडेच्या किंचित खालीपर्यंत हायड्रॉलिक जॅक ऑइल भरा आणि बूच लावा. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका, त्याने जॅकमधली सीलं फुगून खराब होतात.

बूच उघडण्याआधी आजूबाजूची काळ्या मातीची धूळ पुसून घ्या, पण टॉवेलच्या चिंधीने नाही. आपल्याकडे यंत्रमागाचं वेस्ट सहज मिळतं. हात पुसायला ते उत्तम, पण टॉवेलच्या लूपचा धागा तेलात गेला की गोळीखाली अडकतो आणि जॅक धरत नाही. तिथे जुना, धागे न सुटणारा सुती कपडा वापरा. चाकांच्या आसांना आणि थाळीच्या खिळीला ग्रीस लावताना आधी जुनं पुसून काढा. धुळीत कालवलेलं ग्रीस घासणीसारखं काम करतं.

बोलेरो, स्कॉर्पिओ असेल तर हा जॅक घेऊ नका. कमाल उंची 330 मिमीच्या आसपास आणि सस्पेन्शन लोंबत खाली येतं, त्यामुळे चाक जमिनीवरून सुटत नाही. थाळीवर लाकडाचा ठोकळा ठेवून उंची वाढवणं धोक्याचं आहे. दुकानात घेताना जॅक रिकामा वर नेऊन व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा. हात झटक्याने पडला तर दुसरा नग मागा. चारही चाकं हाताने फिरवून बघा आणि रॅमच्या (तेलाच्या दाबाने हात उचलणाऱ्या नळकांड्याच्या) दांड्यावर तेलाचा ओलावा आहे का, ते बोट फिरवून तपासा.