एनव्हीडीएवर आठ महिने मराठी ऑफिसकाम

दादरच्या ऑफिसात आठ महिने रोज सात-आठ तास एनव्हीडीएवर काम चालू आहे: मराठी पत्रं, एक्सेलमधली हजेरी, ब्राउझरमधले सरकारी अर्ज. स्वतः अंध असलेल्या मायकेल करन यांनी २००६ साली ऑस्ट्रेलियात लिहायला घेतलेला हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतो, पण दर्जात कुठेही कमी नाही.

आवाजाचं आधी लावून घ्या. एनव्हीडीएसोबतच येणाऱ्या ई-स्पीकचा मराठी आवाज यंत्रासारखा वाटतो, पहिला आठवडा कान किटतात. पण वेग वाढवला तरी शब्द सुटत नाहीत, आणि मधे आलेले इंग्रजी शब्दही कळतात. इन्सर्ट, कंट्रोल आणि व्ही दाबून वेग बदला, मग इन्सर्ट, कंट्रोल आणि सी दाबून सेटिंग जपून ठेवा. हेडफोन एकाच कानाला लावा, नाहीतर शेजारच्याने मारलेली हाक ऐकू येत नाही.

एक्सेलमध्ये शीर्षकाच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर जाऊन इन्सर्ट, शिफ्ट आणि सी दाबा. मग उजवीकडे सरकताना नुसता '१२' न येता त्याच्या रकान्याचं नावही ऐकू येतं. शीर्षकात सेल मर्ज केलेले असले की हे बिघडतं. मर्ज काढायला सांगा, त्यात संकोच कसला?

खरी अडचण जुन्या फॉन्टची. क्रुतिदेवमध्ये टाइप केलेली फाईल डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं. 'मुंबई' या शब्दावर नमपॅडचं ५ दोनदा दाबलं की ऐकू येतं: ई, क्यू, ए, सी, बी, झेड. स्क्रीन रीडर बरोबरच वाचतोय, फाईलच तशी आहे. आवाज बदलून काही होत नाही. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, आणावा लागतो, आणि नंतर 'सर्व', 'कार्य' यांतला रफार आणि 'दुसऱ्या'मधला ऱ्या एकेक अक्षर ऐकून तपासावा लागतो, कारण चुका तिथेच राहतात. पाठवणाऱ्याने मुळातच युनिकोडमध्ये टाइप केलं तर हा अर्धा तास वाचतो. हे प्रत्येक कार्यालयाला सांगत राहायला हवं.

वेबवर एच दाबून शीर्षकं, एफ दाबून फॉर्मच्या जागा सापडतात. पण फॉर्मच्या रकान्यात टाइप करताना ही अक्षरं उड्या मारायला लागली, तर इन्सर्ट-स्पेस दाबून फोकस मोडमध्ये या, म्हणजे दाबलेली अक्षरं रकान्यात टाइप होतात. काही अर्जांत शेवटी नुसतं 'बटन' ऐकू येतं. चित्राच्या बटनाला नावच दिलेलं नसतं, मग ते 'सबमिट' की 'रद्द' हे दाबल्याशिवाय कळत नाही. तिथे अंदाजाने एंटर मारू नका, भरलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं. डोळस सहकाऱ्याला विचारा आणि त्या साईटवाल्यांना ईमेलमध्ये त्याच बटनाची जागा लिहून कळवा: कुठलं पान, कुठल्या रकान्यानंतर.