सातारा: विमानाचा सिम्युलेटर, पेडल ढिलं पण टेकऑफ भारी

पोवई नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर विमान उडवायचा सिम्युलेटर सुरू झालाय, रविवारी पोरीला घेऊन गेलो. जिना अंधारा, पार्किंगची बोंब, एसी नुसता आवाज करतो आणि डावीकडचं रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडं वळवायचं) ढिलं आहे, सांगितलं तर "करून घेतो सर" एवढंच. अर्ध्या तासाचे 500 रुपये, आधी जरा टोचले.

पहिलं कराडच्या धावपट्टीवरून सेसना हे छोटं विमान उडवलं, आरामात उडलं, पोरगी टाळ्या वाजवायला लागली. मग तिथला दादा म्हणाला थांबा सर, आता खरं देतो, आणि त्यानं अमेरिकेतल्या शायेन विमानतळावरचा खरा अपघात लावला, 11 एप्रिल 1996. जेसिका डुब्रॉफ, वय वर्षं 7, स्वतः विमान उडवत अमेरिका पार करायला निघालेली, सोबत वडील आणि इन्स्ट्रक्टर, विमान सेसना 177बी. टेकऑफनंतर लगेच कोसळलं, तिघंही गेले. धावपट्टीच 6100 फुटांवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही बरीच वर, हवा विरळ, त्यामुळं इंजिनात दम नाही आणि पंखांना उचल नाही, त्यात वादळ अंगावर येतंय. मी तीनदा उडवलं, तीनदा आपटलो. विमान सुटतं जमिनीवरून पण चढत नाही, चढत नाही म्हणून आपण नाक अजून वर ओढतो, स्पीड पडतो आणि स्टॉल, म्हणजे पंखांची उचलच जाते. दादा मागून ओरडतोय नाक खाली नाक खाली, पण समोर जमीन दिसत असताना कोण नाक खाली घालणार हो!

नंतर चहा पाजून त्यानं तपासात काय निघालं ते सांगितलं, माझे पैसे इथं वसूल झाले. मला वाटलेलं लहान पोरीच्या हातून चूक झाली असेल, तर एनटीएसबीचं, म्हणजे अपघात तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचं, म्हणणं कंट्रोल इन्स्ट्रक्टरकडंच होते. विमानाचं वजन मर्यादेपेक्षा 96 पौंड जास्त, म्हणजे 44 किलोच्या आसपास, साखरेचं एक पोतंसुद्धा नाही. आणि बिघडत्या हवेत निघायची घाई, त्यात टीव्हीवाल्यांना दिलेला शब्द.

मी म्हणलं ते 44 किलो काढून दे बघू. दिलं, तरी वादळात गेलोच. मग वादळ पण काढायला लावलं, तेव्हा कुठं गडी हळूहळू चढला.

चार स्टार, एक पेडलचा कापला. सकाळी जा, संध्याकाळी कॉलेजची पोरं सीटवरून उठतच नाहीत.