पॉड-टू-मॅन: कोडच्या फाइलमधूनच मॅन पेज, काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या टीमच्या कमांड-लाइन टूल्सची सगळी मॅन पेजेस (टर्मिनलवर ‘मॅन’ कमांडने वाचायची माहितीची पानं) मी पॉड-टू-मॅन वापरून तयार करतो आहे. आता उन्हाळा लागलाय. एवढ्या काळात या टूलचे गुण आणि खोडी दोन्ही नीट कळल्या, म्हणून सविस्तर लिहितो. मत आधीच सांगतो: पर्ल किंवा शेलमध्ये टूल्स लिहिणाऱ्यांनी हे जरूर वापरावं. सी किंवा सी++ मधली मोठी लायब्ररी असेल तर दुसरं काही बघावं. त्याची कारणं पुढे येतील.

ज्यांनी हे कधी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९४ मध्ये पर्ल ५ आलं, त्याच्याबरोबर पॉड ही मोजक्या खुणांची लेखनपद्धत आली. ओळीच्या पहिल्याच जागी ‘=हेड१’ किंवा ‘=आयटम’ असं काही दिसलं की पर्ल तिथून पुढचं सगळं वगळतं आणि ‘=कट’ आल्यावर पुन्हा कोड वाचायला लागतं. पॉड-टू-मॅन बरोबर उलट करतं. ते कोड सोडून देतं, मजकूर उचलतं आणि तो रॉफमध्ये उतरवतं. ‘मॅन’ ही कमांड पडद्यावर जी पानं दाखवते त्यांची भाषा हीच. हे टूल पॉडलेटर्स या पॅकेजमधलं आहे, रस अल्बेरी ते सांभाळतात, आणि ते पर्लसोबतच येतं. वेगळं काही बसवायला लागत नाही.

पर्लच्या बाहेरही त्याचा मोठा वापर आहे. ओपनएसएसएलची मॅन पेजेस थेट पॉडमध्ये लिहिलेली असतात. जीसीसी आणि एफएफएमपेग यांचा मूळ मजकूर टेक्सइन्फो या दुसऱ्या लेखनपद्धतीत असतो, तो आधी पॉडमध्ये जातो आणि तिथून पॉड-टू-मॅनमधून बाहेर पडतो. ‘मॅन जीसीसी’ हे लांबलचक पान ज्यांनी चाळलंय त्यांनी या टूलचं काम आधीच पाहिलेलं आहे.

मॅन पेजच कशाला, असं मला टीममधल्या नव्या मुलामुलींनी विचारलं. आमचे बरेचसे सर्व्हर बंद नेटवर्कमध्ये आहेत. तिथे ब्राउझर नाही, इंटरनेट नाही. रात्री एखादा जॉब अडकला की ड्युटीवरच्या माणसासमोर फक्त काळा टर्मिनल असतो. पॉड वाचायला ‘पर्लडॉक’ आहे, पण डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर ते वेगळ्या पॅकेजमध्ये आहे आणि सर्व्हरवर बहुधा बसवलेलं नसतं. कमांड दिली की ‘आधी पर्ल-डॉक बसवा’ एवढाच निरोप मिळतो. ‘मॅन’ मात्र असतं. एक अपवाद लक्षात ठेवावा: डेबियनच्या ‘स्लिम’ कंटेनर इमेजमध्ये मॅन पेजेस मुद्दाम गाळलेली असतात. आपण पॅकेजमधून टाकलेलं पानही तिथे गाळलं जातं, कारण वगळण्याचा नियम डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्येच लिहिलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. पूर्वी आमची माहिती विकीवर होती. कोडमध्ये एखादा पर्याय वाढायचा, जुना जायचा, आणि विकीवरचं पान होतं तसंच राहायचं. कोणी आळशी नव्हतं. कोड एका ठिकाणी आणि त्याचं वर्णन दुसऱ्या ठिकाणी असलं की असंच होतं. आता पर्यायाचा कोड आणि पर्यायाचं वर्णन एकाच फाइलमध्ये, एकाच कमिटमध्ये येतं. रिव्ह्यू करणाऱ्याला डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) दोन्ही शेजारीशेजारी दिसतात. नवा पर्याय आलाय आणि खाली ‘=आयटम’ नाही, हे लगेच डोळ्यांत येतं. या टूलचं रॉफ कितीही सुंदर असतं तरी एवढ्या एका फायद्यासमोर ते दुय्यमच ठरलं असतं.

याला जोड मिळते पॉड-युसेज या मॉड्यूलची. प्रोग्राम ‘हेल्प’ पर्यायाने चालवला की तो स्वतःच्याच फाइलमधला सिनॉप्सिस आणि ऑप्शन्स हा भाग छापतो. म्हणजे हेल्पचा मजकूर आणि मॅन पेजचा मजकूर मुळात एकच असतो, दोन्हींत तफावत पडायला जागाच उरत नाही. लायब्ररी मॉड्यूल्ससाठी पॉड-कव्हरेजची टेस्ट लावली आहे. ज्या फंक्शनबद्दल पॉडमध्ये ओळ नाही त्याचं नाव घेऊन ती टेस्ट फेल होते. नावाची सुरुवात अंडरस्कोरने होत असेल तर ते खासगी समजून सोडून देते. या टेस्टने टीमची सवय माझ्या सांगण्यापेक्षा लवकर बदलली.

शेल स्क्रिप्टसाठीची युक्ती फार जणांना माहीत नसते, म्हणून जरा थांबून सांगतो. बॅशमध्ये काहीच न करणारी कोलनची कमांड असते. तिला हिअर-डॉक्युमेंट (स्क्रिप्टमध्येच ठरावीक खुणेपर्यंत लिहिलेला मजकूर) द्यायचं आणि शेवटची खूण म्हणून ‘=कट’ हाच शब्द, अवतरणात, ठेवायचा. मधल्या मजकुरात पूर्ण पॉड लिहायचं. बॅश तो मजकूर गिळून पुढे जातं, आणि पॉड-टू-मॅनला फाइल कोणत्या भाषेत आहे याच्याशी देणंघेणं नसल्यामुळे त्याला फक्त ‘=’ ने सुरू होणाऱ्या ओळी दिसतात. पायथनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये आणि सीच्या कॉमेंटमध्येही हे चालतं, अट एवढीच की ‘=’ पहिल्या जागी हवं, आधी स्पेस चालत नाही. बॅकअप आणि लॉग साफ करणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट्सना वर्षानुवर्षं कुणी वर्णन लिहिलं नव्हतं, त्यांना याच मार्गाने मॅन पेजेस मिळाली.

रॉफ हाताने लिहू नये असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे एक छोटी आडवी रेघ. रॉफमध्ये साधी रेघ म्हणजे शब्द जोडणारी रेघ. कमांडच्या पर्यायातली रेघ हवी असेल तर तिच्याआधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. ग्रॉफ हा रॉफ वाचून पान मांडणारा प्रोग्राम. जुलै २०२३ मध्ये आलेल्या ग्रॉफ १.२३.० ने हा फरक युनिकोड टर्मिनलवर काटेकोरपणे दाखवायला सुरुवात केली. काही डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वितरणांनी) आपापल्या सेटिंगमधून तो पुन्हा बंद केला. जिथे तो चालू आहे तिथे हाताने लिहिलेल्या पानातला पर्याय शोधला तर सापडत नाही, आणि कॉपी करून चालवला तर प्रोग्राम तो ओळखत नाही, कारण ते अक्षरच वेगळं असतं. पॉड-टू-मॅन पर्यायांत आणि कोडच्या उताऱ्यांत योग्य ती रेघ आपणहून घालतं. टिंबाने किंवा एकेरी अवतरणाने सुरू होणारी ओळ रॉफला आज्ञा वाटते आणि पानातून गायब होते. ‘.बॅशआरसी’सारखी फाइलनावं ओळीच्या सुरुवातीला आली की हाताने लिहिणाऱ्यांचा हमखास घोळ होतो. तेही हे टूल सांभाळून घेतं.

खोडींकडे वळतो. पहिली दिसते ती पानाच्या माथ्यावर. काही न सांगता टूल चालवलं तर वर ‘युजर कॉन्ट्रिब्यूटेड पर्ल डॉक्युमेंटेशन’ असं छापून येतं आणि तळाला तुमच्या प्रोग्रामच्या आवृत्तीऐवजी पर्लची आवृत्ती. शेल स्क्रिप्टच्या पानावर हे फारच विचित्र दिसतं. ‘सेंटर’ आणि ‘रिलीज’ हे दोन पर्याय मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) कायमचे लिहून टाकावेत. विभागाचंही (मॅन पेजेसच्या क्रमांकित गटाचंही) तसंच. फाइलनावाच्या शेवटी ‘.पीएम’ असेल तर विभाग ३, नाहीतर १. ॲडमिनसाठीची टूल्स विभाग ८ मध्ये हवी असतील तर सांगावं लागतं.

तारीख जरा जास्त त्रास देते. टूल फाइलच्या शेवटच्या बदलाची वेळ घेतं. पण गिटमधून ताजं चेकआउट केलं की प्रत्येक फाइलची वेळ आजची होते. मग वर्षभर न बदललेल्या पानावरही बिल्डची तारीख येते, आणि एकाच सोर्सपासून दोनदा केलेलं पॅकेज बाइटशः जुळत नाही. उपाय टूलमध्येच आहे. ‘सोर्स-डेट-इपॉक’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलं तर ते तीच तारीख वापरतं. आम्ही शेवटच्या कमिटची वेळ त्यात भरतो.

चुका हाताळायची मूळ रीत मला पटत नाही. पॉडमध्ये काही चुकलं, समजा यादी उघडली आणि ‘=बॅक’ लिहायचं राहिलं, तर टूल न थांबता पान तयार करतं आणि त्याच पानाच्या शेवटी ‘पॉड एरर्स’ असा विभाग जोडतं. म्हणजे लेखकाची चूक थेट वाचणाऱ्यापर्यंत पोचते. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) ‘एरर्स’ हा पर्याय ‘डाय’ असा द्यावा, म्हणजे बिल्ड तिथेच पडतं. सोबत पॉडमधल्या चुका शोधणारा पॉडचेकर चालवावा. तरीही एक गोष्ट निसटू शकते: मथळ्याखाली रिकामी ओळ सोडली नाही तर खालचा सगळा परिच्छेद मथळ्याचाच भाग होतो. त्यामुळे तयार पान ‘मॅन’ला ‘एल’ पर्याय देऊन एकदा डोळ्यांखालून घालावंच.

‘नेम’ या पहिल्या विभागाकडे दुर्लक्ष करू नका. त्यात एकच ओळ हवी: टूलचं नाव, स्पेस, रेघ, स्पेस, एका वाक्यात वर्णन. ‘ॲप्रोपॉस’ आणि ‘व्हॉटइज’ या कमांड्सची शोधसूची याच ओळीवरून बनते. ओळ बिघडली तर पान असूनही शोधात येत नाही. ‘मॅन’ कमांड पुरवणाऱ्या मॅन-डीबी या पॅकेजसोबत येणारं ‘लेक्सग्रॉग’ ही ओळ नीट वाचता येते का ते तपासून देतं.

कोडसाठीच्या ‘सी’ खुणेवर माझी तक्रार कायम आहे. टर्मिनलवर टूल त्या मजकुराभोवती दुहेरी अवतरण घालतं. पण मजकूर व्हेरिएबल, आकडा किंवा फंक्शनसारखा वाटला तर घालत नाही. त्यामुळे एकाच परिच्छेदात काही शब्दांना अवतरण, काहींना नाही. ‘कोट्स’ हा पर्याय ‘नन’ केला की पान एकसारखं दिसतं.

देवनागरीबद्दल मुद्दाम लिहितो, कारण मराठीत यावर कुठे वाचायला मिळालं नाही. आमच्यातल्या काहींनी ‘ऑथर्स’ विभागात आपली नावं मराठीत लिहिली. डेबियन १२ वर पर्ल ५.३६ आहे, म्हणजे पॉडलेटर्सची जुनी आवृत्ती. तिथे प्रत्येक देवनागरी अक्षराच्या आणि मात्रेच्या जागी इंग्रजी एक्स छापला गेला. जुन्या आवृत्तीत ‘यूटीएफ८’ हा पर्याय द्यावाच लागतो. पर्ल ५.३८ पासून पॉडलेटर्सची ५वी आवृत्ती येते, तिच्यात यूटीएफ-८ हीच मूळ निवड आहे आणि नावं नीट उमटतात. फाइलच्या सुरुवातीला ‘=एन्कोडिंग’ची ओळ मात्र दोन्हीकडे हवी, नाहीतर तीही चूक धरली जाते. जोडाक्षरं आणि मात्रा कशा दिसतील हे मग तुमच्या टर्मिनलवर अवलंबून. ग्रॉफमधून पीडीएफ काढायला गेलात तर देवनागरी फाँट नसल्यामुळे ती अक्षरं गळतात. आपलं नाव आपल्या लिपीत लिहिता यावं असं ज्यांना वाटतं त्यांनी नवी आवृत्ती घ्यावी.

दुसरी टूल्सही वापरून पाहिली. हेल्प-टू-मॅन प्रोग्राम चालवून त्याच्या हेल्पवरून पान बनवतं. लहान टूलसाठी ते पुरतं, पण हेल्पमध्ये नसलेलं काही सांगायचं तर वेगळी फाइल जोडावी लागते, आणि दुसऱ्या प्रोसेसरसाठी बिल्ड करत असाल तर प्रोग्राम चालवणार कुठे? कोड आणि त्यातल्या कॉमेंट्सवरून माहितीची पानं बनवणाऱ्या डॉक्सिजनमध्ये मॅन पेजेसचा पर्याय आहे, मुळात तो बंद असतो. चालू केला तर पान फाइल किंवा क्लासच्या नावाने बनतं. प्रत्येक फंक्शनच्या नावाने पान उघडायचं तर ‘मॅन-लिंक्स’ वेगळं चालू करावं लागतं. मांडणी फारशी वाचनीय नसते. तरीही सीची मोठी लायब्ररी असेल तर मी डॉक्सिजनच सुचवेन, कारण फंक्शनचं सिग्नेचर, पॅरामीटर्स आणि प्रकार ते कोडमधून स्वतः वाचतं. पॉडला यातलं काहीच कळत नाही, सगळं पुन्हा हाताने लिहावं लागतं. लिनक्स कर्नलचं कर्नल-डॉकही कॉमेंट्समधून मॅन पेजेस काढतं, पण त्याची रचना कर्नलच्या सोयीची आहे.

तयार झालेली पानं गिटमध्ये ठेवू नका. जुन्या आवृत्तीत सुरुवातीला उच्चारचिन्हांच्या व्याख्यांच्या कितीतरी ओळी असतात, आणि आवृत्ती बदलली की सगळा डिफ भरून जातो. बिल्डच्या वेळीच बनवावीत.

एक उणीव राहतेच, ती म्हणजे तक्ते. पॉडमध्ये तक्ता नाही. कच्चं रॉफ घालायची सोय आहे, पण मग तोच मजकूर हेल्पमध्ये दिसत नाही आणि एकाच मजकुराचा फायदा तिथे संपतो. एक्झिट कोडसारख्या गोष्टी मी यादीत लिहितो: कोड हा आयटम, अर्थ त्याखाली. जिथे रांगा आणि रकाने खरोखर हवेत तिथे स्पेस मोजून जुळवलेला उतारा देतो. असा उतारा टर्मिनल अरुंद असला तरी आपोआप मोडत नाही, आणि पानाचा डावा समास त्यात आणखी जागा खातो. म्हणून ८० अक्षरांच्या टर्मिनलसाठी प्रत्येक ओळ ६५ अक्षरांच्या आत ठेवतो.