हिरवे कडे कोणी लावावे? लिंक्डइनच्या ‘ओपन टू वर्क’ सोयीचे परीक्षण

कोविडमुळे जगभर नोकऱ्या जात असताना, २०२० मध्ये लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळाने प्रोफाइलच्या छायाचित्राभोवती ‘ओपन टू वर्क’ (कामासाठी उपलब्ध) असे लिहिलेले हिरवे कडे लावण्याची सोय केली. नवी नोकरी हवी असल्याची इच्छा फक्त भरती करणाऱ्यांना (रिक्रूटरांना) कळवण्याचा मार्ग २०१६ पासून होताच. नवीन होते ते तिचे चारचौघांत दिसणे. ही सोय विनामूल्य आहे आणि हवे ते पद, शहर, पूर्णवेळ की कंत्राटी, घरून की कार्यालयातून, एवढे भरले की ती सुरू होते. ती चालते का, यापेक्षा ती आपली खरी स्थिती सांगते का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ज्याची नोकरी गेली आहे, किंवा ज्याने राजीनामा दिला असून ते कार्यालयात सर्वांना ठाऊक आहे, त्याने हे कडे निःसंकोच लावावे. त्यामुळे माणूस अगतिक दिसतो, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. परंतु जुने सहकारी, महाविद्यालयातील मित्र आणि एकेकाळचे वरिष्ठ यांना आपली गरज कळलीच नाही, तर ते आपले नाव पुढे करणार तरी कसे? कपातीनंतर ओळखीतून येणारी शिफारस हाच अनेकांचा मोठा आधार असतो आणि त्या कामी हे कडे उपयोगी पडते.

नोकरीत असताना गुपचूप शोध घेणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्यासाठी ‘फक्त रिक्रूटर’ हा पर्याय आहे, ज्यात लिंक्डइनची भरतीसाठीची सशुल्क सेवा वापरणाऱ्यांनाच ही नोंद दिसते आणि आपल्या सध्याच्या व तिच्याशी संलग्न कंपन्यांतील रिक्रूटरांपासून ती लपवण्याचा प्रयत्न केला जातो. प्रयत्न हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण संपूर्ण गुप्ततेची हमी देता येत नाही, असे लिंक्डइन स्वतःच स्पष्टपणे सांगते. शिवाय आपल्या कंपनीसाठी बाहेरून भरती करणारे कन्सल्टंट असतातच, आणि पुण्याच्या हिंजवडी किंवा खराडीसारख्या भागात बातमी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला तंत्रज्ञानाची गरज लागत नाही. या बाबतीत नोकरी डॉट कॉमवर ठरावीक कंपन्यांची नावे देऊन त्यांच्यापासून प्रोफाइल लपवण्याची सोय मला अधिक भरवशाची वाटते.

कड्यापेक्षा प्रोफाइलवर नावाखाली येणारी मथळ्याची ओळ जास्त बोलते, आणि तीच बहुतेक जण वाया घालवतात. ‘नव्या संधीच्या शोधात’ असे लिहिल्याने आपण काय करतो हे कोणालाच कळत नाही. रिक्रूटर शोध घेतात तो पदाचा, कौशल्याचा आणि शहराचा. त्या ओळीत २२० अक्षरे मावतात. ‘जावा डेव्हलपर, बँकिंग प्रणालींचा अनुभव, पुणे, ३० दिवसांत रुजू होऊ शकतो’ एवढे लिहिले तरी निम्मे काम होते, कारण आपल्याकडे फोनवरचा पहिलावहिला प्रश्न नोटीस पीरियडचाच असतो आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात तो ९० दिवसांपर्यंत असू शकतो.

लिंक्डइनची सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत दुर्लक्षित सोय मात्र २०२२ मध्ये आली. ‘करिअर ब्रेक’ ही नोंद अनुभवाच्या यादीतच, तारखांसह आणि कारणासह करता येते. मुलांचे संगोपन, घरातील आजारी माणसाची शुश्रूषा, स्वतःचे आरोग्य, कपात, स्थलांतर अशी कारणे तेथे तयारच आहेत. सासूबाईंच्या आजारपणासाठी किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन वर्षे घरी राहिलेल्या स्त्रीला यामुळे मुलाखतीत खुलासे देत बसण्याची वेळ कमी येते. कारण किती उघड करायचे हे अर्थात तिने ठरवावे. याउलट, मधली पोकळी झाकण्यासाठी रातोरात ‘स्वतंत्र सल्लागार’ किंवा ‘स्टेल्थ स्टार्टअपचे’ (अजून जाहीर न केलेल्या नव्या कंपनीचे) संस्थापक होणारे काही कमी नाहीत. एकही ग्राहक नसलेला सल्लागार दुसऱ्या प्रश्नालाच उघडा पडतो.

तसेच, नोकरी सुटल्यावरही जुन्या पदापुढे ‘आजपर्यंत’ तसेच ठेवणे धोक्याचे आहे. भारतात पार्श्वभूमी पडताळणी करताना रिलीव्हिंग लेटर (जुन्या कंपनीचे कार्यमुक्तीचे पत्र) तर मागतातच, पण भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन (सार्वत्रिक खाते क्रमांक) खात्यातील रुजू होण्याच्या व सोडण्याच्या तारखाही अनेकदा पाहतात. प्रोफाइलवरील महिने त्यांच्याशी जुळले नाहीत, तर हातात आलेली ऑफरही अडकू शकते.

एकूण पाहता, हिरव्या कड्याला मी पाचपैकी तीन गुण देईन आणि ‘करिअर ब्रेक’ला साडेचार, अर्धा गुण यासाठी कापला, की ही सोय इतकी आत दडलेली आहे की तिची गरज असलेल्या अनेकांना ती सापडतच नाही.